मागची गाडी

"नारळ आत नेता येणार नाही," गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला.

पिशवीतून काढलेला नारळ त्यानं टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. आमच्या मागं कॉलेजच्या पोरापोरींची रांग होती. ती सगळी मान उंच करून बघत होती.

"का न्हाई?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"बाहेरचं खायचं आत चालत नाही."

"ह्यो खायाचा न्हाई."

"मग काय करणार त्याचं?"

हा तमाशा दरवर्षीचा होता. सिक्युरिटीवाला दरवर्षी नवा असायचा, नारळही नवा असायचा, जुने काय ते आम्ही दोघं. थोड्या वेळानं आतून कुणीतरी साहेब यायचा, हे त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगायचे, तो एकदा माझ्याकडं बघायचा आणि नारळ सोडून द्यायचा. काय सांगितलंत म्हणून विचारलं की म्हणायचे, "काय न्हाई, देवाचं हाय म्हणून सांगितलं." पाळण्यांच्या आणि घसरगुंड्यांच्या त्या पसाऱ्यात कुठला देव बसलाय ते मला कधी दिसलं नव्हतं. नारळ सुटेपर्यंत मी लांब जाऊन दुसऱ्याच कुणाच्या तरी कुटुंबात उभी राहायचे.

त्या वर्षी मात्र मी टेबलापाशीच उभी राहिले. त्या वर्षी मी जिंकून आले होते. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं.

मी शालन थोरवत. कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई होते. आमचे हे, हिंदुराव, एसटीत ड्रायव्हर. चोवीस वर्षं त्यांनी गाडी चालवली, त्यातली बरीचशी कुंभार्ली घाटातून चिपळूणला, आणि त्यांच्या गाडीनं कशाला साधा ओरखडा काढला नाही. कुत्रं नाही, कोंबडी नाही, कुणाच्या बैलगाडीचं चाक नाही. त्या काळी आमच्या डेपोत पंचवीस वर्षं बिनअपघाती झाली की ड्रायव्हरला बिल्ला मिळायचा. सत्कार सपत्नीक व्हायचा आणि स्टेजवर खुर्चीत बसवून बायकोला खण-नारळ द्यायचे. ह्यांच्या बरोबरीच्या एका ड्रायव्हरचा तसा सत्कार झाला तेव्हा आम्ही दोघं पुढच्या रांगेत होतो. त्याची बायको नारळ ओटीत घेऊन नुसती हसत बसली होती. हे माझ्याकडं वाकून म्हणाले, "पुढल्या साली त्या खुर्चीत तू." मी म्हटलं, बघू, मला असली शोभा आवडत नाही. खरं तर मी मनात साडीचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

पुढचं साल यायच्या आधी डोळ्यांची तपासणी आली. काचबिंदू निघाला. समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं, पण दोन्ही कडांनी नजर कमी होत चालली होती. डॉक्टर म्हणाले, आता गाडी नाही. नोकरी राहिली, पण डेपोच्या गेटवर. स्वतः चालवलेल्या गाड्या दुसऱ्याच्या हाती बाहेर पडताना बघायच्या आणि फाटक उघडायचं. हे त्याबद्दल घरात एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. जखमेवर बोट कशाला ठेवा, असं वाटलं.

त्याच सालच्या मे महिन्यात आमच्या उर्मिलाच्या हट्टापायी आम्ही पहिल्यांदा मौजनगरीला गेलो. उर्मिला तेव्हा सातवीत होती. मौजनगरी म्हणजे पुण्याच्या अलीकडं हायवेच्या बाजूला उभारलेला भला मोठा पार्क. सिमेंटचे डोंगर, निळ्या रंगाच्या पाण्याचे धबधबे, उंच पाळणे, भुताची गुहा, आणि एका कोपऱ्यात पत्र्याच्या छताखाली डॅशिंग कार. गुळगुळीत फरशी, वर विजेची जाळी, आणि रबराचा पट्टा लावलेल्या छोट्या गाड्या. एकमेकांना धडका मारायच्या आणि खिदळायचं, एवढाच तो खेळ. उर्मिलाला घेऊन हे त्या गाडीत बसले. पोरगी "ठोका ना पप्पा, ठोका ना" म्हणून ओरडत होती आणि हे सगळ्यांना चुकवत, कडेनं वळत, मधून वाट काढत गाडी चालवत होते. भोंगा वाजला तेव्हा उर्मिला रुसून उतरली. सगळ्यांचे बाप ठोकत होते आणि आपला बाप भित्रा निघाला, असं तिचं म्हणणं होतं. हे मात्र हसत होते. डोळ्यांची तपासणी झाल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून मीही काही बोलले नाही.

तिथून जी सुरुवात झाली ती झालीच. दर मे महिन्यात मौजनगरी. एसटीच्या पासावर जायचं, हे ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या सीटवर बसणार, आणि उतार आला की ह्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाणार. पार्क उघडल्या उघडल्या आत शिरायचं, बाकी कशाकडं न बघता थेट त्या पत्र्याच्या शेडपाशी. मला समोरच्या बाकावर बसवायचं, पिशवी मांडीवर. आधी एक फेरी नुसती उभं राहून बघायची, कुठली गाडी ओढते, कुठली अडते. मग एक गाडी निवडून आत. कधी पोरं त्यांच्यामागं लागायची. हा म्हातारा धक्का लागू देत नाही म्हटल्यावर त्यांना ईर्षा चढायची. पण हे मान सारखी डावीकडं, उजवीकडं, मागं वळवत अलगद निसटायचे. फेरी संपली की बाहेर येऊन माझ्यापुढं उभे राहायचे, पिशवीतला खण आणि नारळ काढायचे आणि माझ्या ओटीत घालायचे. भर मे महिन्यात, भिजलेल्या पोरांच्या गर्दीत.

"हे कशाला?" पहिला नारळ दिला तेव्हा मी विचारलं होतं.

"असंच. लांब आलीयास, मोकळ्या हातानं कशाला जायाचं," असं ते म्हणाले.

मला वाटलं, आपला नवरा साधा आहे, बायकोला काय द्यावं हे त्याला कळत नाही, म्हणून नारळ देतो. शाळेतल्या बायकांना मी हे रंगवून सांगायचे आणि आम्ही पोट धरधरून हसायचो.

उर्मिला बारावीनंतर नर्सिंगला पुण्याला गेली. आता पोरीचं निमित्तही उरलं नाही. पन्नाशीला टेकलेलं जोडपं दरवर्षी उठून पाळण्याच्या जत्रेला जातं, ह्याची मला लाज वाटायला लागली. शिवाय मला कन्याकुमारी बघायची होती. इतकी वर्षं फळ्यावर भारताचा नकाशा काढून त्याच्या टोकावर बोट ठेवत आले होते. इथं तीन समुद्र भेटतात, असं पोरांना सांगत आले होते. एकदा एक पोरगं म्हणालं, बाई, तुम्ही बघितलंय का? मी खोटं बोलले. ते मनात राहिलं होतं.

त्या वर्षी एप्रिलमध्येच मी विषय काढला. हे सोप्यात आरसा लावून दाढी करत होते. मी म्हटलं, ह्या वर्षी कन्याकुमारी. ते म्हणाले, जाऊया की, आन् पार्क? मी म्हटलं, पार्क नाही. एवढ्यावर आमचं बोलणं थांबलं. आठवडाभर घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. हे भांडणारे नव्हते. नुसते जेवणाच्या ताटावर खाली बघत बसायचे, आणि त्यानं मला जास्त राग यायचा. मी ऐकवून घेतलं. तुमच्या त्या धडकाधडकीपायी मी जन्मभर बाकावर बसायचं का? मला काही हौसमौज आहे की नाही?

शेवटी पुन्हा एकदा दाढी करताना त्यांनीच तोड काढली. एक दिवस पार्क, आणि मग त्याच सुट्टीत रेल्वेनं कन्याकुमारी. पुढच्या वर्षापासून एक साल त्यांचं, एक साल माझं. ऐकायला रास्त होतं. पण मला जिंकल्यासारखं वाटायला अजून थोडं हवं होतं. मी म्हटलं, चालेल, पण ह्या खेपेला मी बाकावर बसणार नाही. मीही गाडी चालवणार.

ते आरशात बघायचे थांबले. "त्यात नको. पाण्यात जा, पाळण्यात बस. बाकी कशातबी बस."

"मग मी येतच नाही."

तोंडावरचा साबण वाळत चालला होता. मग म्हणाले, "बरं. तडजोड म्हंजे दोघांनी सोडायचं. पण एक कर, शालन. माझ्या मागं ऱ्हायाचं. म्होरं यायचं न्हाई, बाजूला यायचं न्हाई. मागंच."

मला हसू आलं आणि रागही आला. लग्न झाल्या दिवसापासून मी ह्यांच्या मागूनच चालत आले होते. बाजाराला जाताना मागं, देवळात मागं, लग्नकार्यात मागं. आमच्याकडं रीतच ती. आता खेळातल्या गाडीतसुद्धा बाईनं मागंच राहायचं! पण कन्याकुमारी पदरात पडली होती, म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं.

तर असा तो दिवस. नारळ सुटला. आम्ही शेडपाशी गेलो. ह्यांनी नेहमीसारखी एक फेरी उभं राहून बघितली आणि मला हिरवी गाडी दाखवली, ती सरळ चालते म्हणून. स्वतः तांबडी घेतली. पिशवी बाकावर ठेवली. रिकाम्या बाकाकडं त्यांनी वळून एकदा बघितलं, ते मला आठवतं. मग माझ्या गाडीशी वाकून पायाखालची पट्टी कशी दाबायची, स्टिअरिंग किती फिरवायचं ते समजावून सांगितलं. मी उभ्या आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. ते सांगत होते तेव्हा मला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू. मला कधी कुणी असं काही शिकवलं नव्हतं.

घंटा झाली. गाड्या सुटल्या. माझी आधी भिंतीला लागली, मग एका पोराला, मग कशीबशी ह्यांच्या मागं आली. आणि मला त्यात गोडी वाटायला लागली. वारं लागत होतं, पदर उडत होता, आणि मी पट्टी दाबली की गाडी पळत होती. कडेच्या गाडीत कोल्हापूरकडची एक बाई आपल्या नवऱ्याला धडकांवर धडका देत होती आणि मोठमोठ्यानं हसत होती. तिनं मला बघितलं, ह्यांना बघितलं.

"अवो बाई, नुसत्या मागं मागं काय फिरताय," ती म्हणाली. "द्या की मालकास्नी एक ठेवून."

हे पुढं होते. डावीकडं मान, उजवीकडं मान, पुन्हा डावीकडं. पोरं अंगावर येत होती आणि हे त्यांना चुकवत होते. मागं मात्र एकदाही वळून बघत नव्हते. इतर वेळी मागंही बघायचे, मला बाकावरून दिसायचं. आज बायको मागं आहे म्हटल्यावर बघायची गरजच काय, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो विचार मला टोचला. बायको म्हणजे मागंच असणार, जाते कुठं. फेरी संपत आली होती. एका लहान मुलीची गाडी कोपऱ्यात अडकली होती, तिला वाट द्यायला ह्यांनी गाडी हळू केली. मी पट्टी दाबली ती दाबूनच धरली.

धक्का चांगलाच बसला. ह्यांची मान मागं गेली, पुढं आली, चष्मा नाकावरून घसरला. कोल्हापूरच्या बाईनं टाळ्या वाजवल्या. मी इतकी हसत होते की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कधी नव्हे ते मी ह्यांना गाठलं होतं.

हे मागं वळले नाहीत. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. वीज अजून चालू होती, गाडी चालवता आली असती. पण ते तसेच बसून राहिले. दुसऱ्या पोरांनी येऊन आणखी दोन-चार धडका दिल्या, त्या त्यांनी घेतल्या. भोंगा वाजला तेव्हा उतरले.

"लागलं का हो?" मी विचारलं. मी अजून हसतच होते.

"न्हाई. धक्का बसला."

"मग त्यासाठीच असतात ना ह्या गाड्या."

"व्हय," ते म्हणाले, "त्यासाठीच असत्यात."

बाकावरची पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्याला लावली. मग मी म्हणेन त्या पाळण्यात बसले, म्हणेन त्या पाण्यात आले. भुताच्या गुहेत माझा हात धरून चालले. मी त्यांना विचारलं, रागावलात का? ते म्हणाले, "खुळी का काय? खेळातला कसला राग." आणि खरंच त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आलं की ह्या वर्षी नारळ मिळाला नाही. मी तसं म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "ऱ्हाऊ दे. घरी देवाम्होरं ठेवू," एवढंच बोलले. तेव्हा ते मागच्या बाजूच्या एका सीटवर बसले होते, हेही मला नंतर आठवलं. त्या वेळी मी दमून झोपून गेले.

घरी आल्यावर नारळ देव्हाऱ्यात ठेवला गेला आणि आम्ही कन्याकुमारीला गेलो. मी समुद्रात पाय बुडवून उभी राहिले. हे माझ्याशेजारी उभे होते. म्हणाले, "तू सांगत हुतीस तसंच हाय की." मला आनंद झाला, झाला नाही असं नाही. पण तीन समुद्र वेगवेगळे ओळखता येत नव्हते, आणि उन्हात उभं राहून मला उगाचच चुकल्यासारखं वाटत होतं. काय चुकलं ते कळत नव्हतं.

पुढच्या वर्षी मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, ह्या साली तुमचा नंबर, कधी निघायचं मौजनगरीला? ते म्हणाले, "नको आता. झालं ते. तू सांग कुठं जायाचं." मी सांगितलं, म्हैसूर. त्याच्या पुढच्या वर्षी हंपी. मग जयपूर. जाईन तिथं हे माझ्याबरोबर आले. डबा धरला, सामान उचललं, फोटोत उभे राहिले. नजर कमी होत गेली तसं त्यांना मीच सांगायचे, इथं कमान आहे, इथं हत्ती कोरलाय. शाळेत मी छाती फुगवून सांगायचे की आमच्याकडं सहली माझ्या मर्जीनं ठरतात. पण घरात एप्रिल आला की मला ते आठवडाभराचं भांडण आठवायचं. आता कुणी नाही म्हणत नव्हतं. ताटावर खाली बघत बसणारं माणूस आता समोर बघून "बरं" म्हणायचं, आणि माझा जीव तुटायचा. तडजोडीला समोर कुणीतरी अडून बसावं लागतं. ते अडून बसणं मी त्या फरशीवर कुठंतरी घालवलं होतं, एवढं मला उमगलं होतं. त्याच्यापुढं काही उमगत नव्हतं.

हे निवृत्त झाले त्या दिवशी डेपोत निरोपाचा कार्यक्रम होता. शाल दिली, हार घातला, आणि मला खुर्चीत बसवून खण-नारळ दिला. कार्यक्रम संपल्यावर बाबालाल मुल्ला भेटायला आले. कुंभार्ली घाटात कैक वर्षं ह्यांच्या गाडीवर तेच कंडक्टर होते. ह्यांच्या तोंडून जे काही निघायचं ते फक्त मुल्लांपुढं.

"वहिनी, ह्यो नारळ काय तुमचा पयला न्हवं," ते हसत म्हणाले. "तुमचा सत्कार तर दरसाली हुईत हुता."

मी म्हटलं, कसला सत्कार?

मुल्लांना वाटत होतं मला ठाऊक आहे. ठाऊक नाही म्हटल्यावर ते ओशाळले, आणि मग मीच खनपटीला बसले म्हणून त्यांनी सांगितलं. पंचविसावं साल हुकलं ते ह्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. बिल्ल्याचं नव्हे, मला त्या खुर्चीत बसवतो म्हणाले होते, त्याचं. पहिल्यांदा मौजनगरीहून आले तेव्हा मुल्लांना म्हणाले होते, बाबालाल, मी आज पुन्हा गाडी चालवली, आणि धक्का लागू दिला नाही. जोवर तिथं धक्का लागत नाही तोवर माझी सेवा चालू आहे, असं मी धरतो. डेपो देणार नाही तर शालनला नारळ मी देतो, दरसाली, तिथंच बाकावर बसवून. तिला सांगायचं नाही, हसेल.

"आन् मग एका साली म्हणालं, मुल्ला, सेवा संपली," मुल्ला म्हणाले. "कसं काय म्हणून इचारलं, तर नुसतं हसलं."

माझ्या ओटीत डेपोचा नारळ होता आणि तो मला जड झाला होता. दरवर्षी असाच नारळ माझ्या ओटीत पडत होता. समोर पत्र्याच्या शेडखाली माझ्यासाठी एक माणूस जिवाच्या आकांतानं माना वळवत होता. आणि मी बाकावर बसून लोक काय म्हणतील ह्याची लाज वाटून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सोप्यात बसले होते. तोवर त्यांना समोरचंही अंधूक दिसायला लागलं होतं. मी देव्हाऱ्यातला तो जुना नारळ काढला. इतक्या वर्षांत तो कुणी फोडला नव्हता. दर दसऱ्याला मी तो पुसून परत जागेवर ठेवायचे, का ते मलाही सांगता आलं नसतं. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चाचपून बघितला, कानाशी नेऊन हलवला. आत खोबऱ्याचा गोटा वाजला.

"मौजनगरीचा न्हवं ह्यो?" ते म्हणाले.

"होय. मुल्लांनी सांगितलं मला सगळं." मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि पदर पसरला. "द्या."

ते थोडं हसले. "धक्का बसला की देत न्हाईत, शालन. नेम हाय त्यो."

"पण धक्का मी दिला ना. मागची गाडी माझी होती. चूक माझी होती, तुमची कुठं होती?"

"न्हाई, माझीच. ड्रायव्हरनं मागं बघायलाच पायजे." नारळ त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "त्या दिशी मी चारी बाजूला बघत हुतो. मागं तेवढं बघितलं न्हाई. म्हटलं, मागं शालन हाय. तिकडनं काय यायचं न्हाई."

मी पदर तसाच धरून बसले होते. त्यांनी नारळ पुन्हा एकदा कानाशी नेला, हलवला, आणि उठून चाचपत देव्हाऱ्याकडं गेले. तिथं त्याच्या जागेवर त्यांनी तो नीट ठेवून दिला.